शंभर कोटी सात: ही मूळ संख्या नेमकी आहे तरी कशी

लोकमान्य नगरातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. ती इथेच इंदूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "सर, कोडिंगच्या स्पर्धांत दर दुसऱ्या गणिताखाली 'उत्तराला १०^९ + ७ नं भागून बाकी द्या' असं लिहिलेलं असतं. हीच संख्या का? ती मूळ आहे हे कशावरून मानायचं? आणि माझ्या प्रोजेक्टमध्ये दोन फोनमधले मेसेज कुलूपबंद करायचे आहेत, तिथे हीच संख्या वापरली तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही चालणार. का नाही ते ओघात येईलच. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी मात्र वही-पेन घेऊन बस. (शाळेत हिंदीतून 'अभाज्य' म्हणून शिकलीस तीच ही मूळ संख्या.)

भंवरकुआंच्या क्लासेसमधल्या मुलांना ही संख्या तोंडपाठ असते. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण "हिच्यातून एक वजा करून अवयव पाडलेस का कधी?" असं विचारलं की सगळा वर्ग वहीत डोकं खुपसतो. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या मूळ संख्येची ओळख तिथूनच करून घ्यावी. मूळ संख्या स्वतः फुटत नाही, म्हणून नुसतं तिच्याकडे बघून काही हाती लागत नाही. तिचे दोन शेजारी, एकानं कमी आणि एकानं जास्त, ते फुटतात. ते कसे फुटतात यावर ती संख्या कशाला उपयोगी आणि कशाला बिनकामाची, हे ठरतं. इथून पुढे 'प' म्हणजे १,००,००,००,००७, आणि '^' म्हणजे घात.

निवडीमागचं कारण अगदीच घरगुती आहे. शंभर कोटीच्या पुढे चालत गेलं की सगळ्यांत आधी भेटणारी मूळ संख्या हीच, म्हणजे दहा अंकी संख्यांतली सर्वांत लहान. पडताळून बघ. सम संख्या सोडून दे, ५ नं संपणारीही सोडून दे. उरल्या दोन. १०^९ + १ म्हणजे ७ × ११ × १३ × १९ × ५२,५७९. १०^९ + ३ म्हणजे २३ × ३०७ × १,४१,६२३. दोन्ही फुटल्या, तिसरी आपली. लिहायला सोपी, लक्षात राहायला सोपी, टाइप करताना चुकायची भीती कमी.

दुसरं कारण मशीनचं. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. 'प' नं भागून उरलेल्या दोन बाक्यांची बेरीज फार तर २,००,००,००,०१२ होते, म्हणजे मावते. ६४ बिटांत साधारण ९.२२ × १०^१८ पर्यंत जागा असते आणि दोन बाक्यांचा गुणाकार १०^१८ च्या किंचित वर जातो. तोही मावतो, इतकंच काय, असे नऊ गुणाकार मध्ये बाकी न काढता बेरजेत घालता येतात. दहावा घातलास की ओव्हरफ्लो. मॅट्रिक्सच्या गुणाकारात दर पायरीला भागाकार करत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण प्रोसेसरला भागाकार महाग पडतो.

आता मूळच का हवी? सोयीचंच बघायचं तर सरळ १०^९ घेतलं असतं, शेवटचे नऊ अंक वाचले की काम झालं. त्यात काय बिघडतं ते ४० च्या फॅक्टोरियलमध्ये (४०!, म्हणजे १ ते ४० या सगळ्यांचा गुणाकार) दिसतं. १ ते ४० मध्ये पाचचे आठ पट आहेत, २५ मध्ये एक पाच जादा, एकूण नऊ. दोन तर ढिगानं आहेत. म्हणजे ४०! च्या शेवटी बरोबर नऊ शून्यं. मग १०^९ नं भागल्यावर ४०! ची बाकी शून्य, ४१! ची शून्य, पुढच्या सगळ्यांची शून्य. 'क्ष गोष्टींतून य किती प्रकारे निवडाल' या प्रत्येक गणितात फॅक्टोरियलनं भागावं लागतं, आणि शून्यानं भागणार कसं? मूळ संख्येत हा त्रास नाही. 'प' पेक्षा लहान कुठल्याही संख्येच्या फॅक्टोरियलमध्ये 'प' हा अवयव येऊच शकत नाही, म्हणून तो कधी शून्य होत नाही. थेट (प − १)! पर्यंत गेलीस तर बाकी −१, म्हणजेच प − १, येते. हा विल्सनचा सिद्धांत.

मूळ संख्येत शून्य सोडून प्रत्येक बाकीला व्यस्त असतो, म्हणजे जिच्याशी गुणल्यावर बाकी १ येते अशी जोडीदार संख्या. तो काढायचे दोन रस्ते. पहिला फर्माच्या छोट्या सिद्धांताचा: अ^(प − १) ची बाकी १, म्हणून अ^(प − २) हाच अ चा व्यस्त. प − २ म्हणजे १,००,००,००,००५. दुमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर) हे ३० अंकी येतं आणि त्यात १५ एक असतात, म्हणजे २९ वेळा वर्ग आणि १४ वेळा गुणाकार, बस्स.

दुसरा रस्ता आपल्याकडे पंधराशे वर्षांपासून आहे. आर्यभटानं सांगितलेला कुट्टक, भास्कराचार्यांनी लीलावतीत पुन्हा नीट मांडलेला. १७ चा व्यस्त काढून दाखवतो. प ला १७ नं भाग: भागाकार ५,८८,२३,५२९, बाकी १४. १७ ला १४ नं: बाकी ३. १४ ला ३ नं: भागाकार ४, बाकी २. ३ ला २ नं: बाकी १. आता उलट चढ. १ = ३ − २. यातल्या २ च्या जागी १४ − ४ × ३ घातलं की १ = ५ × ३ − १४. ३ च्या जागी १७ − १४ घातलं की १ = ५ × १७ − ६ × १४. आणि १४ च्या जागी प − १७ × ५,८८,२३,५२९. सगळं आवरलं की १ = १७ × ३५,२९,४१,१७९ − ६ × प. म्हणजे १७ चा व्यस्त ३५,२९,४१,१७९. ताळा हवा तर गुणून बघ: ६,००,००,००,०४३ येतात, आणि ६ × प म्हणजे ६,००,००,००,०४२. मला विचारशील तर हा रस्ता जास्त शहाणपणाचा, कारण भाजक मूळ नसला तरी व्यस्त आहे की नाही हे इथे वाटेतच कळतं. फर्माचा रस्ता मात्र भाजक मूळ नसेल तर गुपचूप चुकीचं उत्तर देतो आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही.

आता जरा गंमत. लहान संख्यांचे व्यस्त लिहून काढ. २ चा ५०,००,००,००४. ३ चा ३३,३३,३३,३३६. ४ चा २५,००,००,००२. ६ चा १६,६६,६६,६६८. ७ चा १४,२८,५७,१४४. ८ चा १२,५०,००,००१. ९ चा ११,११,११,११२. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? दशांशातले ०.५, ०.३३३, ०.१४२८५७ हेच शेपटीला थोडे वाकलेले. कारण प + १ म्हणजे १,००,००,००,००८, आणि तिला या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. तिचे अवयव आहेत २^३ × ३^२ × ७ × १०९^२ × १६७. फक्त ५ नं भाग जात नाही, म्हणून ५ चा व्यस्त वेगळा दिसतो: ४०,००,००,००३.

हे पाठ असण्याचा उपयोग चूक शोधताना होतो. संभाव्यतेचं गणित सोडवलंस, उत्तर अर्धा यायला हवं, आणि स्क्रीनवर ५०,००,००,००३ दिसलं. बहुतेक मुलं "एकानंच चुकलं" म्हणून कुठेतरी एक मिळवतात आणि मग भलतीच टेस्ट फेल होते. ५०,००,००,००३ ची दुप्पट म्हणजे १,००,००,००,००६, म्हणजेच −१. उत्तर एकानं चुकलेलं नाहीच, ते −१/२ आहे. चिन्ह उलटं पडलंय. तसंच ६६,६६,६६,६७१ दिसलं की −१/३, आणि ६६,६६,६६,६७२ दिसलं की २/३. एकाचा फरक, अर्थ पार निराळा.

अनोळखी बाकी दिसली तरी अपूर्णांक शोधता येतो. समज ४२,८५,७१,४३२ आलं. त्याला २, ३, ४ नं गुणत जा आणि प्रत्येक वेळी बाकी काढ. ७ ला गुणाकार ३,००,००,००,०२४ येतो, बाकी ३. म्हणजे उत्तर ३/७. हा अंदाजपंचे खेळ नव्हे. अंश आणि छेद दोन्ही २२,३६० च्या आत असतील तर एका बाकीला असा एकच अपूर्णांक जुळतो. दोन निरनिराळे जुळले असते तर तिरक्या गुणाकारांच्या फरकाला 'प' नं भाग जायला हवा, आणि तो फरक 'प' पेक्षा लहानच राहतो. माझ्याकडची मुलं कागदावर उत्तर काढून स्क्रीनवरच्या बाकीशी असंच ताडून बघतात.

बाकीच्या दोन खाचाखोचा लवकर सांगून टाकतो. सी प्लस प्लसमध्ये ऋण संख्येची बाकी ऋणच येते, वजाबाकीनंतर 'प' मिळवायला विसरू नको. आणि एकदा बाकी काढली की लहान-मोठं बघणं संपलं. 'सर्वांत मोठं उत्तर बाकीत द्या' असं असेल तर तुलना खऱ्या आकड्यांवर किंवा त्यांच्या लॉगॅरिदमवर करायची.

तुझा दुसरा प्रश्न: ही मूळ आहे हे कशावरून? ढोबळ उपाय म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. प चं वर्गमूळ ३१,६२२ च्या थोडं पुढे, आणि तिथवर ३,४०१ मूळ संख्या आहेत. कॉम्प्युटरला यात पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मिलर आणि राबिन यांची चाचणी याहून चटपटीत आहे: ४,७५,९१,२३,१४१ च्या खालच्या कुठल्याही संख्येला फक्त २, ७ आणि ६१ हे तीन पाया घेऊन (म्हणजे त्यांचे घात काढून) तपासलं की निकाल पक्का, 'बहुधा' वगैरे काही नाही. आपल्या कानपूरच्या आयआयटीतून २००२ साली मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली चाचणी सिद्धांत म्हणून फारच मोठी गोष्ट आहे. कुठल्याही संख्येवर, काहीही गृहीत न धरता, बेतशीर वेळात उत्तर मिळतं हे त्यांनी पहिल्यांदा सिद्ध केलं. रोजच्या कामात मात्र ती कुणी चालवत नाही, कारण इतर चाचण्या कितीतरी वेगवान आहेत.

पण मला दाखवायचा आहे तो पुरावा वेगळा, आणि तो शेजाऱ्याकडून येतो. प − १ म्हणजे १,००,००,००,००६. तिचे अवयव पाड: २ × ५०,००,००,००३. आणि ही ५०,००,००,००३ स्वतः मूळ आहे. तिला 'क' म्हणू. ती मूळ आहे हे २२,३६० पर्यंत भागून तपासता येतं. आता प वर फक्त एकच मोठा हिशोब करायचा: २^(प − १) ला प नं भागल्यावर बाकी १ येते का? येते. एवढ्यावर प मूळ आहे हे सिद्ध होतं. कसं ते बघ.

समज, प फुटते. मग तिचा एखादा मूळ अवयव 'र' ३१,६२२ च्या आत असलाच पाहिजे. २ चे घात घेत जाऊन र नं भागलं तर पहिल्यांदा बाकी १ कितव्या घाताला येते? त्या घाताला आपण कोटी म्हणू (शंभर लाखांची कोटी नव्हे, इंग्रजीतली 'ऑर्डर'). २^(प − १) ची बाकी प नं १ येते, म्हणून र नंही १ येते, म्हणून ही कोटी २ × क ची विभाजक. दुसरीकडे फर्मामुळे ती र − १ चीही विभाजक. पण र − १ म्हणजे फार तर एकतीस हजारांचा मामला आणि क तर ५०,००,००,००३. कोटीत क असूच शकत नाही. उरलं काय? कोटी १ किंवा २. म्हणजे २^२ ला र नं भागल्यावर बाकी १, म्हणजे ३ ला र नं भाग जातो, म्हणजे र = ३. आणि प च्या अंकांची बेरीज ८, तिला ३ नं भाग जातच नाही. विषय संपला. एकतीस हजारांपर्यंत एकाही संख्येनं प ला भागून न बघता ती फुटत नाही हे कळलं. पॉकलिंग्टननं १९१४ साली हीच युक्ती सर्वसाधारण रूपात मांडली, आणि मोठ्या मूळ संख्यांना जे 'प्रमाणपत्र' देतात त्यातला एक प्रकार याच जातीचा असतो.

मूळ संख्या अशी असेल की तिच्यातून एक वजा करून निम्मं केलं तरी मूळच उरते, तर तिला सेफ प्राइम म्हणतात. आणि त्या निम्म्या संख्येला, इथे ५०,००,००,००३ ला, सोफी जर्मेन प्राइम. या बाई फ्रान्सच्या. त्या काळी पॅरिसच्या पॉलिटेक्निकमध्ये बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून त्या गाउसला 'मस्यू ल ब्लां' या पुरुषी नावानं पत्रं लिहायच्या. फर्माच्या शेवटच्या सिद्धांतावर काम करताना त्यांनी या जातीच्या संख्या वापरल्या. १०^९ + ७ अशी निघावी हा निव्वळ योगायोग आहे. स्पर्धावाल्यांनी ती त्यासाठी काही निवडलेली नाही.

योगायोग असला तरी फळं मिळतात. प − १ चे विभाजक चारच: १, २, क आणि २ × क. म्हणून कुठल्याही बाकीची कोटी या चारांतलीच एक. १ ची कोटी १, −१ ची कोटी २, बाकी सगळ्यांची क किंवा २ × क. अधलंमधलं काही नाही. ज्यांची कोटी पूर्ण २ × क त्यांना प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. त्यांचे घात घेत गेलं की शून्य सोडून प्रत्येक बाकी एकेकदा भेटते. इतर मूळ संख्यांत प्रिमिटिव्ह रूट शोधायला चाचपडत बसावं लागतं. इथे एकच प्रश्न विचारायचा: ही बाकी कुणाचा वर्ग आहे का, म्हणजे कुठल्या तरी संख्येच्या वर्गाला प नं भागल्यावर हीच बाकी उरते का? वर्ग असेल (आणि ती १ नसेल) तर कोटी क, नसेल तर (आणि ती −१ नसेल तर) प्रिमिटिव्ह रूट.

आणि वर्ग आहे का हे गाउसच्या वर्गव्यस्ततेच्या नियमानं तोंडी निघतं. २ साठी प ला ८ नं भाग, बाकी ७. बाकी १ किंवा ७ आली की २ हा वर्ग असतो. ३ साठी १२ नं भाग, बाकी ११, म्हणून ३ हाही वर्ग. ४ तर आहेच. ५ साठी प ला ५ नं भाग, बाकी २. पाचाच्या दुनियेत वर्ग फक्त ०, १ आणि ४. म्हणून ५ हा वर्ग नाही, म्हणजे सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ५. ना कॉम्प्युटर, ना कॅल्क्युलेटर.

२ हा वर्ग आहे म्हणतोस तर वर्गमूळ दाखव, असं कुणीही म्हणेल. दाखवतो: ५,९७,१३,६००. वर्ग कर. ५,९७,१३६ चा वर्ग ३५६५७१४०२४९६, त्यावर चार शून्यं. आता ३५,६५,७१४ ला प नं गुण: ३५,६५,७१४ पुढे नऊ शून्यं, अधिक ३५,६५,७१४ × ७ म्हणजे २,४९,५९,९९८. वजा केलंस तर उरतात बरोबर २. हे मूळ शोधायलाही अडचण नाही. प ला ४ नं भागल्यावर बाकी ३ येते, अशा मूळ संख्येत वर्ग असलेल्या अ चं मूळ म्हणजे अ^((प + १)/४), इथे अ^२५,००,००,००२. पुन्हा तोच प + १ मदतीला.

१० चं काय? १० = २ × ५. वर्ग गुणिले अवर्ग, म्हणजे अवर्ग. म्हणून १० सुद्धा प्रिमिटिव्ह रूट. याचा अर्थ १ ला प नं भागून दशांश लिहीत गेलीस तर अंकांची तीच माळ पुन्हा सुरू व्हायला पूर्ण १,००,००,००,००६ अंक लागतात, म्हणजे लागू शकतील तेवढे सगळे. १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक फिरतात, त्याच घराण्यातली ही संख्या. सुरुवात नऊ-नऊ अंकांचे गट पाडून लिहितो: ०.०००००००००  ९९९९९९९९३  ०००००००४८  ९९९९९९६५७… नीट बघ. शंभर कोटीला सात कमी, मग ४९ ला एक कमी, मग शंभर कोटीला ३४३ कमी. सातचे घात एकाआड एक वजा-अधिक होत चाललेत. आणि ही अब्जभर लांबीची माळ मधोमध तोडून दोन तुकडे एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली तर सगळे ९ येतात.

५ हा वर्ग नाही याची झळ फिबोनाचीवाल्यांना लागते. फिबोनाचीच्या माळेचं (१, १, २, ३, ५, ८… प्रत्येक पद आधीच्या दोघांची बेरीज) थेट पद काढून देणारं बिने सूत्र √५ वर चालतं, आणि आपल्या प च्या दुनियेत √५ नाहीच. म्हणून इथे मॅट्रिक्सचा घात घेणं सोयीचं. बाक्यांची आवृत्ती पुन्हा सुरू व्हायला २ × (प + १) म्हणजे २,००,००,००,०१६ पदं लागतात. जुळी बहीण १०^९ + ९ ही पण मूळ. तिला ५ नं भागल्यावर बाकी ४, म्हणून तिथे √५ आहे: ३८,३०,०८,०१६. दोनच घरं पलीकडे, आणि स्वभाव वेगळा.

घातावर घात असेल, म्हणजे अ^(ब^ड), तर वरच्या ब^ड ची बाकी प नं काढायची नसते, प − १ नं काढायची असते. आणि प − १ मूळ नाही, तेव्हा तिथे फर्मा लावून व्यस्त काढू नको. या एका मुद्द्यावर दर बॅचमध्ये निम्मा वर्ग गारद होतो.

सेफ प्राइम असण्याचा तोटाही आहे. दोन मोठ्या बहुपदींचा गुणाकार झटपट करायला फूरियेची युक्ती बाक्यांमध्ये चालवतात. त्याला कोटी २^२० वगैरे असलेली बाकी लागते, म्हणजे प − १ मध्ये दोन भरपूर हवेत. आपल्या प − १ मध्ये २ एकदाच. म्हणून अशा गणितांत ९९,८२,४४,३५३ दिसते. तिच्यातून एक वजा केला की २^२३ × ७ × १७. त्यामुळे ८३,८८,६०८ लांबीपर्यंत काम भागतं, आणि प्रिमिटिव्ह रूट ३. स्पर्धेत ही संख्या दिसली की जुने खेळाडू लगेच कान टवकारतात. त्यात इशारा असेलच असं नाही, आजकाल बरेच जण सवयीनंही तीच वापरतात.

हॅशिंगला (म्हणजे प्रत्येक शब्दाला ओळख म्हणून एक बाकी देण्याला) एकटा प पुरत नाही, एवढं सांगून पुढे जातो. साधारण सदतीस हजार वेगवेगळ्या शब्दांतच दोघांचा हॅश एक निघायची शक्यता निम्म्यावर जाते. दोन मूळ संख्या घे, आणि पाया प्रोग्राम चालू झाल्यावर रँडम निवड.

'मोठी' म्हणजे किती मोठी, हेही सांगायला हवं. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंकी आहे. एवढी मोठी संख्या मूळ आहे हे कळलं कसं? तिच्यात एक मिळवला की निव्वळ दोनचा घात. शेजारी पूर्ण उकललेला, म्हणून लुकास आणि लेहमर यांची चाचणी तिच्यावर चालते. त्याच वाटेनं लुकासनं १८७६ साली २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या हातानं हिशोब करून मूळ ठरवली. तिच्या आसपासची, शेजारी न उकललेली एखादी संख्या घेतली असती तर आयुष्य गेलं असतं.

आता तुझा प्रोजेक्ट. डिफी आणि हेलमन यांच्या १९७६ च्या पद्धतीत दोघं जण एक मूळ संख्या आणि एक पाया उघड ठरवतात. प्रत्येक जण आपला गुप्त घातांक वापरून पायाचा घात काढतो, त्याची बाकी दुसऱ्याला पाठवतो, आणि दोघांकडे एकच गुप्त किल्ली तयार होते. चोराला उघड बाकीवरून गुप्त घातांक काढावा लागतो. सेफ प्राइम इथे मुद्दाम घेतात. प − १ चे अवयव लहान-लहान असतील तर चोर प्रत्येक अवयवासाठी वेगळा छोटा हिशोब करून उत्तर जोडतो, आणि २ × क असेल तर त्याला ती पळवाट मिळत नाही. म्हणजे जात बरोबर आहे. पण आकार? आपल्या प साठी चोरानं सुमारे ३१,६२३ घातांचा एक तक्ता करून ठेवला आणि मोठ्या उड्या मारत त्यात जुळणी शोधली की घातांक हातात. साध्या लॅपटॉपवर हे एका क्षणाचं काम. मेसेज टाइप करायला तुला जास्त वेळ लागेल.

म्हणून कॉलेजच्या डेमोत पद्धत समजावून सांगायला प बिनधास्त घे, आकडे फळ्यावर मावतात. खऱ्या मेसेजसाठी निदान २,०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी सेफ प्राइम लागते. ती स्वतः शोधत बसू नको. आरएफसी ३५२६ या २००३ च्या इंटरनेट मानकात तयार दिलेली आहे, त्यातला गट क्रमांक १४ बघ. तिचे मधले अंक π (३.१४१…) च्या अंकांतून घेतलेत, म्हणजे "आकडा मुद्दाम कमजोर निवडला" अशी शंका घ्यायला जागा नको. तिथे पाया २ दिलेला आहे. तुझे सर विचारतील, २ हा तिथे प्रिमिटिव्ह रूट आहे का? नाही. त्या संख्येचे शेवटचे ६४ बिट सगळे १ आहेत, म्हणून ८ नं भागल्यावर बाकी ७, म्हणून २ हा वर्ग, म्हणून त्याची कोटी म्हणजे त्या संख्येतून एक वजा करून बरोबर निम्मं.